आगराचा पृष्ठभाग असा का दिसतो?
(आमच्या तयार प्लेट आणि टिश्यू कल्चरच्या बाटल्या वापरणाऱ्यांसाठी)

‘बाटलीत मीडिया कडेला वर चढलाय, ओतताना हात हलला का?’ असा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. हात हललेला नसतो. मीडिया म्हणजे जिवाणू किंवा रोपं वाढवायचं पोषक द्रावण, आगरानं (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थानं) जेलीसारखं घट्ट केलेलं. गरम आगर म्हणजे जवळजवळ पाणीच. ते काचेला चिकटतं आणि पृष्ठताणामुळे (पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणाऱ्या ओढीमुळे) कडेनं दोन-तीन मिलिमीटर वर चढतं. साधारण ३५ ते ४० अंशांना आगर गोठतं आणि ती वक्र कड तशीच राहते. गोठलेलं आगर ८५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे बाटली कोमट पाण्यात ठेवून कड खाली बसत नाही.

गोठल्यावरही पाण्याचा हा पृष्ठताण संपत नाही, पाणी धरून ठेवणारं आगराच्या धाग्यांचं जाळं त्याला पुरून उरतं इतकंच. दीड टक्का आगराच्या प्लेटवर हा परिणाम डोळ्यांना दिसतच नाही. ०.३ टक्क्याच्या मोटिलिटी प्लेटमध्ये (जिवाणूंची हालचाल पाहायच्या मऊ प्लेटमध्ये) मात्र जाळं फार विरळ असतं. तिथे कापलेले कोपरे बोथट होतात आणि वर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबाच्या कडेला जेल किंचित वर ओढलं जातं. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी आगराच्या अतिमऊ, बारीक धाग्यांवर हे फार सुंदर दाखवलं: नळाच्या बारीक धारेला येतात तसे फुगवटे त्या घन धाग्यांना आले!

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते वरच्या पाण्याकडे. ठेवलेल्या प्लेटमध्ये जाळं हळूहळू आवळतं आणि पाणी बाहेर येतं. प्लेट ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. प्रकाशाची पट्टी आरशासारखी चकाकली आणि कडेला पाणी ओघळलं, तर स्ट्रीक करू नका (तारेनं जिवाणूंच्या रेघा ओढू नका), जिवाणूंच्या वसाहती एकमेकींत मिसळतील. झाकण काढून लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) २०-३० मिनिटं ठेवा. त्याहून जास्त सुकवणंही वाईट. मग पृष्ठभागावर साय धरल्यासारखा थर येतो, जेल कडेपासून सुटतं आणि उरलेल्या पाण्यात क्षार वाढतात. स्वार्मिंग (जिवाणूंचं झुंडीनं पृष्ठभागावर पसरणं) पाहायचं असेल तर जिवाणूंना तो पातळ ओलावा लागतोच, म्हणून वाळवण्याची वेळ दर खेपेला सारखी ठेवा.

दीड टक्क्याच्या प्लेट पिशवीत बंद करून, उलट्या, ४ अंशांवर ठेवा. ०.३ टक्क्याच्या कधीही उलट्या करू नका, जेल घसरतं. त्या आम्ही सरळ पॅक करतो, खोक्यावरचा बाण वरच्या बाजूला राहू द्या.