काकापो जागचा का हलत नाही

आपल्याकडची टिटवी बघा, अंड्यांजवळ कुत्रं फिरकलं तरी ओरडून ओरडून माळ डोक्यावर घेते, अंगावर झेपावते. न्यूझीलंडचा काकापो म्हणजे न उडणारा जाडजूड हिरवा पोपट, तोही जमिनीवरच घरटं करतो, पण धोका वाटला की हा जिथल्या तिथं थिजून बसतो. यात त्याचा काही मूर्खपणा नाहीये. त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणीच नव्हते, हल्ला व्हायचा तो वरून, नजरेनं सावज शोधणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा, मग हललं नाही की शेवाळात दिसायचंच नाही. वासावर माग काढणाऱ्यापुढं हे काय कामाचं? त्यात काकापोच्या अंगाला चांगलाच गोडसर वास येतो, आणि मादी एकटीच पिल्लं वाढवते, रात्री चरायला गेली की घरटं उघडंच.

माणसांबरोबर उंदीर आणि कुत्री आली, मग युरोपियनांची मांजरं आणि ससे. सशांनी कुरणं फस्त केली म्हणून १८८० च्या दशकात स्टोट, म्हणजे मुंगसासारखा लांबुडका शिकारी, मुद्दाम आणून सोडले. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाच नको म्हणत होते, कुणी ऐकलं नाही.

रिचर्ड हेन्री हा माणूस मला फार जवळचा वाटतो. १८९४ पासून रेझोल्यूशन बेटाचा राखणदार, कुत्र्याला मुसकं बांधून त्याच्याकडून काकापो आणि किवी हुडकायचे आणि होडीनं सुरक्षित बेटांवर नेऊन सोडायचे, असे शेकडो पक्षी त्यानं हलवले. १९०० मध्ये त्या बेटावर स्टोट दिसला. पोहत आलेला. सगळी मेहनत पाण्यात.

१९७७ मध्ये स्ट्युअर्ट बेटावर काकापो सापडले, तिथं मांजरं त्यांना खात होती. १९८२ पासून मांजरं मारायला घेतली तरी भरवसा वाटेना, शेवटी पक्षीच उचलून दुसऱ्या बेटांवर नेले. १९९५ ला उरले होते फक्त ५१. पक्ष्याची सवय बदलेना म्हणून मग जागाच बदलली, त्यांतल्याच व्हेनुआ होऊ बेटावरचा उंदीर न् उंदीर १९९८ मध्ये संपवला.

२०२३ मध्ये माउंगाटौटारी या डोंगराळ अभयारण्याच्या ४७ किलोमीटर कुंपणाच्या आत, मुख्य भूमीवर, नर सोडले. आत शिकारी नाहीत, पण काकापोला उडता येत नसलं तरी चढता झकास येतं, काही जण कुंपणाबाहेर पडले आणि अंगावरच्या ट्रान्समीटरवरून शोधून आणावे लागले.