आमदार आई आणि सभागृहाचे नियम

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे सुमारे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या आणि ते छायाचित्र राज्यभर पोहोचले. कौतुक झाले, हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजण्याच्या खोलीची, सोयही झाली. पण पुढच्याच अर्थसंकल्पी अधिवेशनात, मुंबईत, त्यांना मिळालेल्या कक्षात धूळ होती. त्या माध्यमांसमोर बोलल्या, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

ही अडचण एका खोलीची नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ती नोकरदार बाईसाठी. आमदार कोणाच्या नोकरीत नसते, त्यामुळे बाळंतपणाची रजा हा तिचा हक्क ठरत नाही. उलट संविधानाच्या अनुच्छेद १९० नुसार सदस्य परवानगीशिवाय साठ दिवस बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त ठरवू शकते. परवानगी मागता येते, हे खरे. पण हक्क वेगळा आणि परवानगी वेगळी. शिवाय मत द्यायचे तर स्वतःच हजर राहावे लागते. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत गंभीर आजारी आमदारांना पुण्याहून रुग्णवाहिकेने मुंबईत यावे लागले होते. ओली बाळंतीण असती, तरी नियम हाच.

अहिरे यांच्याआधीही असे प्रसंग आले होते. केजच्या आमदार नमिता मुंदडा मार्च २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, आठव्या महिन्यात अधिवेशनाला आल्या होत्या. आसामच्या आमदार अंगूरलता डेका यांनी २०१७ मध्ये बाळाला पाजण्यासाठी विधानसभेत खोली मागितली होती.

बाहेरच्या देशांतही नियम आपणहून बदलले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००३ मध्ये आमदार कर्स्टी मार्शल यांना अकरा दिवसांच्या बाळासह सभागृहाबाहेर जावे लागले, कारण नियमाच्या लेखी ते बाळ 'परके', म्हणजे सभागृहाचे सदस्य नसलेले, होते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ मध्ये खासदार ट्युलिप सिद्दीक सिझेरियन पुढे ढकलून व्हीलचेअरवरून ब्रेक्झिटच्या मतदानाला आल्या. त्याच महिन्यात तिथे नव्या आईवडिलांना सहकाऱ्यामार्फत मत देण्याची मुभा मिळाली. माझ्या मते आपल्याकडे अडते ते नेमके इथे. खोली मागितली की मिळते. मतदानाच्या आणि रजेच्या नियमांना कोणी हात लावत नाही.

गावपातळीवर तर खोलीचीही चर्चा नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे; लहान मुलांच्या आया असलेल्या कितीतरी जणी सरपंच आणि सदस्य होतात. ग्रामपंचायत कायद्यात मात्र मूल होण्याचा ठळक उल्लेख येतो तो अपात्रतेच्या कलमात: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले, तर पद जाते. कलम पुरुषांनाही लागू आहे. आमदार-खासदारांना नाही.