जुहू विमानतळ (जुहू एअरोड्रोम)

मुंबईचं विमानतळ म्हटलं की सगळ्यांना सांताक्रूझ नाहीतर सहार आठवतं, पण शहराचं पहिलं विमानतळ जुहूचं, आणि देशातलं पहिलं नागरी विमानतळही हेच मानतात. १९२८ साली समुद्राला लागून असलेल्या दलदलीच्या जागेवर ते सुरू झालं. जागा दलदलीची होती हे लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी कहाणी त्यातच आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते म्हणतात, आणि मग जुहूला उतरले. तिथून टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. टाटांच्या ह्या सेवेतूनच पुढे एअर इंडिया झाली. पण पावसाळा लागला की जुहूच्या मैदानात पाणी आणि चिखल, त्यामुळे टाटांना चक्क पुण्याला मुक्काम हलवावा लागायचा!

मोठी विमानं आली तशी ही जागा पुरेना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडलं.

पण जुहू आणि सांताक्रूझ, दोन्हीकडच्या धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने आणि जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, त्यात समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं, म्हणून पायलट फसायचे. १९५३ मध्ये बीओएसी ह्या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट हे जेट चुकून इथे उतरलं, नशीब की धडपणे थांबलं आणि नंतर तिथूनच उडून गेलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मात्र धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. कुणी दगावलं नाही, पण विमान कायमचं निकामी झालं. जुहूची धावपट्टी साधारण ११४० मीटर, सांताक्रूझची मुख्य जवळपास ३४५० मीटर, म्हणजे तिप्पट.

१९८२ ला त्या पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा ७८ वर्षांचे जे.आर.डी. लेपर्ड मॉथ हे छोटं विमान घेऊन परत कराचीहून जुहूला उतरले. माझ्या मते ह्या विमानतळाचा सगळ्यात भारी दिवस तोच.

आता इथे मुख्यतः हेलिकॉप्टर असतात. पवन हंस ह्या हेलिकॉप्टर कंपनीचा मोठा तळ इथे आहे, आणि समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेल प्लॅटफॉर्मवर कामगारांची ने-आण इथूनच होते, चौदा-चौदा दिवसांची ड्युटी करणाऱ्यांसाठी जुहू म्हणजे कामावर जायचा एसटी स्टँडच. बॉम्बे फ्लाइंग क्लबचा पत्ता अजून इथलाच, फक्त विमान शिकवायचं काम धुळ्याला गेलं. जमीन एअरपोर्ट ऑथॉरिटीची आहे, आणि विमानतळ असल्याने आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, त्यावरून बिल्डर आणि जुन्या सोसायट्यांची कुरकुर चालूच असते.