नवीकरणीय आणि अल्पकार्बन: अणुऊर्जा कोणत्या रकान्यात?

हवामान बदलाच्या चर्चेत ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत हे सहसा लक्षातच येत नाही. पहिली कसोटी स्रोताची आहे: जे वापरले ते निसर्ग माणसाच्या हयातीत पुन्हा भरून काढतो का? काढत असेल, तर ती ऊर्जा नवीकरणीय. दुसरी कसोटी उत्सर्जनाची आहे: खाणकामापासून प्रकल्प मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला, तर एका युनिट विजेमागे किती हरितगृह वायू वातावरणात जातात? ते अत्यल्प असतील, तर ती ऊर्जा अल्पकार्बन. सूर्य आणि वारा दोन्ही कसोट्यांना उतरतात, म्हणून हे दोन शब्द समानार्थी वाटू लागतात.

अणुऊर्जा मात्र पहिल्या कसोटीला उतरत नाही. युरेनियम हे खनिज आहे. एकदा वापरले की संपले, आणि निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये अणुभट्टीला मुख्यतः हवे असलेले युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. दुसऱ्या कसोटीला ती ठळकपणे उतरते, कारण अणुभट्टीत काहीच जळत नाही. करंगळीच्या टोकाएवढ्या इंधनगोळीतील अणूंच्या विखंडनातून, म्हणजे त्यांची केंद्रके फुटण्यातून, साधारण एक टन कोळशाइतकी उष्णता मिळते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. अणुवीज केंद्राच्या रुंद मनोऱ्यातून वर जाणारे पांढरे लोट अनेकांना धूर वाटतात. प्रत्यक्षात ती थंड होत जाणारी पाण्याची वाफ असते.

‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालात संपूर्ण जीवनचक्राचे मध्यक आकडे दिले आहेत: एका युनिटमागे कोळशासाठी ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूसाठी ४९०, अणुऊर्जेसाठी १२ आणि जमिनीवरील पवनऊर्जेसाठी ११. त्याच तक्त्यात मुद्दाम लावलेल्या पिकांपासूनच्या जैवइंधन विजेचा आकडा २३० आहे. म्हणजे नवीकरणीय असूनही उत्सर्जन बरेच असू शकते, आणि नवीकरणीय नसूनही ते जवळजवळ नगण्य असू शकते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. जर्मनीच्या विजेत नवीकरणीय स्रोतांचा वाटा फ्रान्सपेक्षा बराच जास्त आहे, तरीही एका युनिटमागचे उत्सर्जन जर्मनीतच कित्येक पटींनी अधिक आहे. कारण फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, तर जर्मनीत कोळसा अजून जळतो आहे. तेथील शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या. कोळशाआधी अणुभट्ट्या बंद करण्याचा हा क्रम, निदान हवामानाच्या दृष्टीने, मला चुकीचा वाटतो. नवीकरणीय विजेची टक्केवारी हेच यशाचे माप धरले, तर ही चूक आकड्यांत दिसतही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत संमत झालेला मसुदा याबाबत काटेकोर आहे. २०३० पर्यंत जगाची नवीकरणीय क्षमता तिप्पट करण्याच्या कलमात अणुऊर्जा येत नाही. शून्य व अल्प उत्सर्जनाच्या तंत्रज्ञानांना वेग देण्याच्या वेगळ्या कलमात तिचे नाव स्पष्टपणे येते.

अर्थात ‘अल्पकार्बन’ हा शिक्काही सगळ्या प्रश्नांची उत्तरे देत नाही, आणि अणुऊर्जेच्या समर्थकांनी त्याआड लपू नये. हजारो वर्षे किरणोत्सारी राहणारे वापरलेले इंधन कुठे ठेवायचे, हा प्रश्न या दोन्ही कसोट्यांच्या बाहेरचा आहे. वेळेचा प्रश्न तर थेट हवामानाशी जोडलेला आहे: फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील तिसऱ्या अणुभट्टीचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले आणि नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये. ती वीज अल्पकार्बन खरीच, पण मधल्या अठरा वर्षांत तिच्या वाट्याची वीज दुसऱ्या कुठल्यातरी स्रोतातून पुरवावी लागली, आणि त्या स्रोताचे उत्सर्जन या १२ ग्रॅममध्ये धरलेले नसते.