‘स्ट्रॅटेजिक’ म्हणजे नक्की किती किलोमीटर? युरोपातल्या मिसाईलच्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिका आणि सोव्हिएत युनियनच्या अणुस्पर्धेबद्दल कोणी बोलायला लागलं की गाडी तीनच स्टेशनांवर थांबते, हिरोशिमा, क्यूबा आणि बर्लिनची भिंत. ते सगळं वाचलेलं आहे असं धरून चालतो. मधलं एक दशक, साधारण १९७७ ते १९८७, आपल्याकडे फारसं कोणी उघडून बघत नाही, आणि गेल्या काही वर्षांत जे करार एकेक करून मोडलेत त्यांचं मूळ तिथे आहे.

त्याआधीचं पटकन. १९४९ च्या ऑगस्टमध्ये कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कला सोव्हिएत बॉम्ब फुटला आणि अमेरिकेची मक्तेदारी चारच वर्षांत संपली. १९५७ ला स्पुटनिक वर गेला, तेव्हा जे रॉकेट उपग्रह नेऊ शकतं ते बॉम्बही नेऊ शकतं हे सगळ्यांना कळलं. १९६२ च्या क्यूबा प्रकरणातली इथे एकच गोष्ट लागणार आहे. सोव्हिएत मिसाईलं परत गेली हे जगाने बघितलं, पण त्या बदल्यात तुर्कस्तानातली १५ अमेरिकन ज्युपिटर मिसाईलं १९६३ च्या एप्रिलपर्यंत गुपचूप काढली गेली आणि ही अदलाबदल पुढे कित्येक वर्षं कोणी कबूलच केली नाही. शेजाऱ्याच्या अंगणात ठेवलेली मिसाईलं कोणाच्या खात्यात धरायची हा प्रश्न तेव्हाच उभा होता, फक्त कागदावर आला नाही.

कागदावर यायला लागला तो अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या करारांच्या वाटाघाटींत, आणि तिथे सगळं अडकलं एका शब्दावर, स्ट्रॅटेजिक. मराठी पेपरांनी त्याचं कधी ‘सामरिक’ केलं, कधी ‘व्यूहात्मक’, कधी ‘धोरणात्मक’. सामरिक म्हणजे युद्धाचं, मग बाकीची शस्त्रं काय खंडेनवमीला पूजायला होती? पण आपल्या भाषांतरकारांना तरी कशाला दोष द्यायचा, मूळ टेबलावर बसलेल्या दोन्ही बाजूंनाही या शब्दाचा एक अर्थ मान्य नव्हता.

सोव्हिएत म्हणणं असं की जे शस्त्र माझ्या जमिनीवर पडू शकतं ते माझ्यासाठी स्ट्रॅटेजिक, ते कुठून उडतं याच्याशी मला काय करायचंय. अमेरिकन म्हणणं असं की जे शस्त्र एका महासत्तेच्या भूमीवरून उडून थेट दुसऱ्या महासत्तेच्या भूमीवर जातं तेच स्ट्रॅटेजिक, बाकीचं सगळं प्रादेशिक. वरवर बघितलं तर नुसता शब्दच्छल वाटतो, पण नकाशा समोर घेऊन बसा. अमेरिकेचे तळ आणि बॉम्बर विमानं पश्चिम युरोपात होती, तिथून सोव्हिएत शहरं टप्प्यात. सोव्हिएत युनियनचा अमेरिकेच्या शेजारी असा एकही तळ नव्हता, क्यूबात प्रयत्न केला तर जग पेटायची वेळ आली. त्यामुळे अमेरिकन व्याख्या घेतली की युरोपातली सगळी अमेरिकन विमानं हिशोबातून आपोआप गळतात. मला स्वतःला या मुद्द्यावर सोव्हिएत बाजू जास्त सरळ वाटते, भूगोलाशी वाद घालून उपयोग नसतो.

१९७२ ला मॉस्कोत झालेल्या पहिल्या मर्यादा करारात हा विषय बाजूला ठेवला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये व्लादिवोस्तोकला लाँचर, म्हणजे मिसाईल डागायची साधनं, आणि बॉम्बर मिळून प्रत्येकी २४०० असा आकडा ठरला आणि तिथे सोव्हिएत बाजूने युरोपातल्या विमानांचा हट्ट सोडून दिला. आंतरखंडीय मिसाईलची व्याख्या काय, तर अमेरिकेची ईशान्य हद्द आणि सोव्हिएत युनियनची वायव्य हद्द यातलं कमीत कमी अंतर ओलांडणारं, म्हणजे ५५०० किलोमीटरच्या वरचं. पट्टीने मोजून ठरवलेली व्याख्या. त्याच्या खालचं काहीही असो, मोजलं जाणार नाही.

मग काय, न मोजल्या जाणाऱ्या जागेत बरोबर एक सोव्हिएत मिसाईल येऊन बसलं. एसएस-२०. पल्ला साधारण ५००० किलोमीटर, वर ३ वॉरहेड, म्हणजे अणुबॉम्बची टोकं, आणि चाकांवरून जंगलात कुठेही नेता येणारं. १९७६ च्या सुमारास जुन्या एसएस-४ आणि एसएस-५ च्या जागी हे यायला लागलं. जुनी मिसाईलं सावकाश, एका वॉरहेडची आणि बेभरवशाची होती, हे म्हणजे बैलगाडीच्या जागी ट्रक. यातली गंमत अशी की हे एसएस-१६ नावाच्या तीन टप्प्यांच्या आंतरखंडीय मिसाईलचे खालचे दोन टप्पे घेऊन बनवलेलं होतं. तिसरा टप्पा लावला की ते ५५०० च्या वर, काढला की खाली. मॉस्कोच्या लेखी हे जुन्या शस्त्राचं नवं मॉडेल होतं, पश्चिम युरोपच्या लेखी डोक्याला लावलेलं पिस्तूल, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

१९७७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलरांनी लंडनच्या एका भाषणात हा मुद्दा काढला, की दोन मोठे आपापसात वरच्या मजल्याचा समतोल साधतील आणि खालच्या मजल्यावरचा असमतोल आमच्या वाट्याला येईल. १९७९ च्या जानेवारीत ग्वाडलूप बेटावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचे नेते भेटले आणि १२ डिसेंबर १९७९ ला पश्चिमेच्या लष्करी युतीने, म्हणजे नाटोने, ‘डबल ट्रॅक’ निर्णय घेतला. एका रुळावर ५७२ नवी अमेरिकन मिसाईलं युरोपात आणायची, त्यात १०८ पर्शिंग-२ सगळी पश्चिम जर्मनीत आणि ४६४ क्रूझ, म्हणजे विमानासारखी खालून उडत जाणारी मिसाईलं, ब्रिटन, इटली, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, हॉलंडमध्ये. दुसऱ्या रुळावर मॉस्कोशी बोलायचं, बोलण्यातून काही निघालं तर मिसाईलं कमी करायची.

या निर्णयावर आजही भांडणं होतात. समर्थक म्हणतात याच दबावामुळे ही सगळी मिसाईलं बाद करणारा १९८७ चा करार झाला. विरोधक म्हणतात की चार वर्षांची मुदत देऊन समोरच्याला बोलायला बसवणं ही धमकी झाली. निर्णयानंतर दोन आठवड्यांत सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, व्हिएन्नात जूनमध्ये सही झालेला दुसरा मर्यादा करार अमेरिकन सिनेटमध्ये गारठून पडला आणि बोलण्याचा रूळ जवळजवळ दोन वर्षं रिकामाच राहिला. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात बैठक बसली तेव्हा अमेरिकेचा प्रस्ताव होता तुमची सगळी काढा, आम्ही एकही आणणार नाही. ऐकायला छान, पण एक बाजू उभी केलेली मिसाईलं पाडणार आणि दुसरी अजून न आणलेली आणणार नाही, असा तो व्यवहार होता.

मॉस्कोने उलट विचारलं की ब्रिटन आणि फ्रान्सच्या मिसाईलांचं काय? त्यांची मिळून १६२ होती. १९८२ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत नेत्याने सांगितलं की युरोपात आम्हीही १६२ च ठेवू. अमेरिका म्हणाली ती आमची नाहीत, त्या देशांची स्वतःची आहेत, मोजायची नाहीत. परत तेच, मोजायचं काय. त्याआधी जुलैमध्ये दोन्हीकडचे मुख्य वाटाघाटीकार स्वित्झर्लंडच्या डोंगरात फिरायला गेले आणि एका लाकडाच्या ओंडक्यावर बसून प्रत्येकी ७५ लाँचर अशी तडजोड त्यांनी परस्पर लिहून काढली, ती दोघांच्याही राजधान्यांनी फेकून दिली.

पर्शिंगच्या पल्ल्यावरून तर आणखी वेगळी लढाई. अमेरिका सांगायची १८०० किलोमीटर, म्हणजे पश्चिम जर्मनीतून मॉस्कोपर्यंत पोचतच नाही. सोव्हिएत बाजूचा त्यावर विश्वास नव्हता, त्यांचा हिशोब २५०० चा आणि वेळ सहा ते आठ मिनिटं. चहाला उकळी येईपर्यंत क्रेमलिन गेलेलं असेल ही भीती खोटी आकडेमोड म्हणून उडवून लावता येते, पण १९८३ हे वर्ष त्या भीतीवरच चाललं. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं मेली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये उपग्रहाने अमेरिकन मिसाईलं निघाल्याचा इशारा दिला, ड्युटीवरच्या लेफ्टनंट कर्नलने तो खोटा मानला आणि तो खोटाच होता, ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाने ज्वाळा समजला होता.

लोक मात्र तोवर रस्त्यावर उतरले होते. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये बॉनला ३ लाखांच्या आसपास, १९८३ ला हेगमध्ये साडेपाच लाख. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमन नावाच्या तळाबाहेर कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी १९८१ ला तंबू ठोकले, १९८२ च्या डिसेंबरमध्ये ३० हजार बायकांनी हातात हात धरून अख्ख्या तळाला वेढा घातला आणि तो कॅम्प २००० सालापर्यंत तिथे होता, म्हणजे मिसाईलं गेली तरी या बाया तिथेच. या आंदोलनांना मॉस्कोची फूस असल्याचा आरोप तेव्हाही होता. पैसा आणि प्रचार आला नाही असं नाही, पण साडेपाच लाख माणूस फुशीवर थंडीत उभा राहत नाही. पूर्वेकडे असं काही करू बघणाऱ्यांना पोलीस उचलायचे, तेही खरं.

आपल्याकडे यातलं किती पोचलं? सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं घालणाऱ्या पिढीला ट्रॅक्टर आणि हसऱ्या मुली आठवतात, एसएस-२० काही त्यात नसायचं. १९८३ च्या मार्चमध्ये अलिप्त देशांची परिषद दिल्लीत भरली, आणि १९८५ च्या जानेवारीत भारतासह सहा देशांनी दिल्लीतूनच दोघांना स्पर्धा थांबवायचं आवाहन केलं. दोघांनी ऐकून घेतलं, बस.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मन संसदेने अमेरिकन मिसाईलं आणायला मंजुरी दिली, दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत शिष्टमंडळ जिनिव्हातून उठून गेलं. नंतर मॉस्कोत माणूस बदलला, गोर्बाचेव्ह आले, १९८६ ला रेक्याविकला झालेली त्यांची आणि रेगनची भेट मिसाईलं अडवणाऱ्या अमेरिकेच्या अंतराळातल्या ढालीच्या मुद्द्यावर फिसकटली, आणि ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये सही झाली. ५०० ते ५५०० किलोमीटरची जमिनीवरून उडणारी सगळी मिसाईलं बाद, युरोपातली आणि आशियातलीही. १९९१ पर्यंत २६९२ नष्ट झाली, त्यातली सोव्हिएत १८४६ आणि अमेरिकन ८४६. एकमेकांच्या कारखान्याच्या गेटवर एकमेकांचे इन्स्पेक्टर बसले, हे १९६२ ला कोणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

या नष्ट झालेल्यांच्या यादीत ओका नावाचं एक सोव्हिएत मिसाईल होतं. त्यांच्याच मते त्याचा पल्ला ४००, म्हणजे करारात बसतच नाही. अमेरिका म्हणाली ५०० जाऊ शकतं. मॉस्कोने वाद न घालता ते देऊन टाकलं आणि सोव्हिएत जनरल लोकांनी याबद्दल आपल्या नेत्याला कधी माफ केलं नाही. तीसेक वर्षांनी हीच गोष्ट उलटी फिरली. अमेरिकेचा आरोप, की रशियाचं नवं ९एम७२९ हे क्रूझ मिसाईल ५०० च्या वर जातं. रशियाने २०१९ च्या जानेवारीत ते मांडून दाखवलं आणि सांगितलं ४८०. या वेळी कोणी काही देऊन टाकलं नाही, २ ऑगस्ट २०१९ ला करार संपला. चीन या करारात कधीच नव्हता आणि त्याच्याकडे याच पल्ल्याचा ढीग आहे, हे अमेरिकेच्या बाहेर पडण्यामागचं दुसरं कारण. आपणही नव्हतो. अग्नी-५ चा अधिकृत पल्ला ५००० च्या वर असा सांगतात, आपले पेपर त्याला बिनधास्त आंतरखंडीय म्हणतात, जुन्या पट्टीने ते काठावर आहे.

सोव्हिएत कम्युनिझम तर १९९१ लाच गेला, पट्टी राहिली. २१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक नावाचं नवं मिसाईल टाकलं आणि स्वतःच त्याला मध्यम पल्ल्याचं म्हटलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं की ते आरएस-२६ या आंतरखंडीय मिसाईलच्या डिझाईनवरून बनवलंय. आणि त्या आरएस-२६ ची एक चाचणी ५५०० च्या जरा वर आणि बाकीच्या बऱ्याच खाली झाल्या होत्या.