रेशीमकिड्याचे वाण : विकरभेद आणि उष्णता सोसण्याची क्षमता

तुतीचा पाला खाणाऱ्या रेशीमकिड्याच्या (बॉम्बिक्स मोरी) वेगवेगळ्या वाणांत काही विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, रूपे व प्रमाण वेगवेगळे असते. उन्हाळा कोणत्या वाणाला झेपेल याचा अंदाज या फरकावरून काही प्रमाणात बांधता येतो.

भारतात वाणांचे ढोबळ दोन गट आहेत. कर्नाटकातला ‘प्युअर म्हैसूर’ आणि बंगालचा ‘निस्तारी’ हे बहुप्रज वाण वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या देतात आणि उकाड्याला सहसा दाद देत नाहीत. मात्र त्यांच्या कोषातून निघणारा अखंड धागा जेमतेम चारशे मीटर भरतो. द्विप्रज, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणारे, शेतकऱ्यांच्या तोंडचे ‘बायव्होल्टाइन’, हजार मीटरच्या घरात धागा देतात, पण ते मुळात समशीतोष्ण हवेतले. त्यांच्या मोठ्या अळीला २३ ते २५ अंश सेल्सिअस मानवते. चॉकीतली (बालसंगोपनातली) लहान अळी २६ ते २८ अंशांत खुशाल असते, म्हणूनच वय वाढते तसे शेड थंड करत न्यावे लागते. अळीच्या उभ्या आयुष्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या, अवस्थेत फस्त होतो आणि उष्णतेचा फटकाही याच अवस्थेत सर्वांत जोरात बसतो.

सर्वाधिक अभ्यास झालेले विकर म्हणजे अमायलेज. पाल्यातल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर करण्याचे काम ते करते. अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो आणि तिचे अमायलेजही तशाच वातावरणात चालणारे असते. बहुप्रज वाणांच्या पाचक रसात ते भरपूर सापडते. पुष्कळशा द्विप्रज वाणांत अगदी नाममात्र. तपासणी पाहण्यासारखी असते. रसाचा थेंब जेलमध्ये (जेलीसारख्या पातळ थरात) विजेच्या साहाय्याने पुढे सरकवतात, मग ते जेल स्टार्चमध्ये भिजवून त्यावर आयोडीन ओततात. सगळे जेल गडद निळे होते. फक्त जिथे अमायलेजने स्टार्च खाल्लेला असतो तिथे पांढुरका पट्टा उमटतो. द्विप्रज वाणाच्या ओळीत हा पट्टा पुष्कळदा दिसतच नाही.

दुसरे विकर एस्टरेज, एस्टर नावाची संयुगे तोडणारे. रक्तरसाचा नमुना आधी तापवून मग जेलमध्ये चालवला, तर नाजूक पट्टे नाहीसे होतात आणि उष्णतेत तग धरणारे तेवढे उरतात. निस्तारीसारख्या वाणांत असे टिकाऊ पट्टे आढळतात.

पण पट्टा दिसला म्हणजे अळी उन्हात जगेलच, असे समजणे घाईचे ठरेल. भरपूर अमायलेज असलेली अळी पाल्यातून ऊर्जा चांगली काढते. तापलेल्या पेशीतली प्रथिने सावरण्याचे काम मात्र उष्माघात प्रथिनांचे (एचएसपी) आहे आणि त्यांत अनेक जनुके गुंतलेली असतात. विकर ही निवडीची खूण आहे, तेच सगळे कारण नव्हे. शिवाय सोसण्याची ताकद वाढवू गेले की रेशमाचे प्रमाण घसरते, ही पैदासकारांची जुनी डोकेदुखी.

म्हणून म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत अळ्यांनाच थेट परीक्षेला बसवले गेले. पाचव्या अवस्थेच्या तिसऱ्या दिवसापासून रोज सहा तास ३६ अंश, उरलेला वेळ २५ अंश. त्यातून जगलेल्यांची पिढ्यानपिढ्या निवड करत गेल्यावर सीएसआर १८ × सीएसआर १९ (सीएसआर ही संस्थेच्या वाणांची नावे) हा उष्णता सोसणारा द्विप्रज संकर तयार झाला. महाराष्ट्रात वाटप होणारे डबल हायब्रिड (दोन संकरांचा पुन्हा संकर) अंडीपुंज, म्हणजे रेशीमकिड्याच्या अंड्यांचे पुंजके, (सीएसआर ६ × सीएसआर २६) × (सीएसआर २ × सीएसआर २७), हेही द्विप्रजच. चार वाणांच्या मिश्रणामुळे ते साध्या संकरापेक्षा काटक असतात, तरी मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये शेडवर पाचट अंथरून पाणी मारणे आणि गोणपाट ओले ठेवणे काही सुटत नाही.

अंडीपुंज केंद्राची काळजी आणखी वेगळी. कोष विणताना आणि कोषात असताना तापमान बराच काळ तिशीच्या वर राहिले, तर नर पतंग वरवर धडधाकट निघतात, मादीशी जुळतातही, पण पुष्कळ अंडी वांझ राहतात.