पुनर्भरणीय किरणोत्सर्गी ऊर्जास्रोत

शरीरात बसवलेल्या वैद्यकीय उपकरणाला किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या (मूलद्रव्याच्या अस्थिर अणुप्रकाराच्या) ऱ्हासातून, म्हणजे त्याचे अणू आपोआप फुटण्यातून, मिळणारी ऊर्जा पुरवायची आणि तो समस्थानिक क्षीण झाला की संपूर्ण उपकरण न बदलता केवळ नवा साठा भरायचा, अशी ही योजना आहे. यातील पहिला भाग प्रत्यक्षात आलेला आहे. पुनर्भरण मात्र मुख्यतः संकल्पनेच्या पातळीवर राहिले.

सुरुवातीच्या पेसमेकरमधील पारा-जस्त घट (बॅटऱ्या) साधारण दोन वर्षांत संपत आणि रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. या अडचणीवर उपाय म्हणून १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियम-२३८ वर चालणारा पेसमेकर प्रथम माणसाच्या शरीरात बसवण्यात आला. त्यात एक ग्रॅमहूनही कमी प्लुटोनियम बंद कुपीत असे. ऱ्हासात बाहेर पडणारे आल्फा कण (हेलियमची अणुकेंद्रे) कुपीतच अडून त्यांची उष्णता होई आणि कुपीला जोडलेली तापयुग्मे, म्हणजे दोन धातूंच्या जोड्या, आपल्या गरम व थंड टोकांमधील फरकातून त्या उष्णतेचे विजेत रूपांतर करीत. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मा पदार्थ ऱ्हास पावायला लागणारा काळ) ८७.७ वर्षे असल्याने ३० वर्षांनंतरही सुमारे ७९ टक्के शक्ती शिल्लक राहते, त्यामुळे तेथे पुनर्भरणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

तो उद्भवतो अल्पायुषी समस्थानिकांच्या बाबतीत. प्लुटोनियम-२३८ च्या एका ग्रॅमपासून सुमारे ०.५७ वॅट उष्णता मिळते, तर पोलोनियम-२१० पासून सुमारे १४० वॅट. परंतु पोलोनियमचे अर्धायुष्य १३८ दिवसांचे असल्याने वर्षअखेर जेमतेम सहावा हिस्सा उरतो. पेसमेकरला काही मायक्रोवॅट पुरतात, त्यामुळे त्याला एवढ्या तीव्र स्रोताची गरज नाही. कृत्रिम हृदयाला मात्र काही वॅट लागतात, आणि तेथे लहान आकारात मोठी शक्ती देणारा, वेळोवेळी भरता येणारा स्रोत आकर्षक वाटतो. पेसमेकरच्या काही बीटा-घटांत (ऱ्हासातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून थेट वीज मिळवणाऱ्या घटांत) वापरलेल्या प्रोमेथियम-१४७ चे अर्धायुष्यही केवळ २.६ वर्षांचे असून दहा वर्षांत त्याचा सुमारे सात टक्के भाग उरतो.

पुनर्भरणासाठी दोन मार्ग संभवतात: त्वचेखालच्या कप्प्यातील बंद कुपी छोटा छेद घेऊन बदलणे, किंवा द्रवरूप स्रोत सुईने काढून नवा भरणे. दुसरा मार्ग रुग्णाला कमी त्रासाचा वाटला तरी अधिक धोक्याचा आहे, कारण सुईच्या टोकाशी झालेली किंचित गळतीही थेट ऊतींत जाते आणि पोलोनियम शरीरात शिरल्यास मायक्रोग्रॅम इतकी मात्राही प्राणघातक ठरते. प्लुटोनियमच्या कुपीची सुरक्षितता ती कधीच न उघडण्यावर अवलंबून होती. अपघाताचा आघात आणि मृतदेहाच्या दहनाची उष्णता सोसेल अशी तिची रचना करीत. पुनर्भरणीय रचनेत नेमकी हीच अट शिथिल करावी लागते. शिवाय आल्फा ऱ्हासात हेलियम वायू साठत जाऊन कुपीतील दाब वाढतो, त्यामुळे कुपीत मोकळी जागा ठेवावी लागते.

१९७२ पासून वापरात आलेल्या लिथियम-आयोडीन घटांनी पेसमेकरला अनेक वर्षांचे आयुष्य दिले आणि किरणोत्सर्गी घट मागे पडले. अधिक शक्ती लागणाऱ्या हृदय-साहाय्यक पंपांना आज त्वचेतून जाणाऱ्या तारेने बाहेरील बॅटरी जोडतात. या तारेच्या वाटेने होणारा जंतुसंसर्ग हा त्या रुग्णांचा मोठा त्रास आहे, आणि पूर्णपणे शरीराच्या आत राहील अशा ऊर्जास्रोताची गरज तेथेच सर्वांत तीव्रपणे जाणवते.